चिनी मातीचा खड्डा

आमच्या घरी आईची लोणच्याची एक बरणी आहे. वरून तपकिरी, खाली पांढरी, कानांना चिरा गेलेली. तिला आम्ही 'चिनी मातीची बरणी' म्हणतो. ही चिनी माती म्हणजे नक्की काय आणि ती चीनमधून आली का, असा प्रश्न घरात कुणालाच कधी पडला नव्हता. मलाही नाही. पन्नाशीला टेकताना, कॉर्नवॉलमधल्या एका खड्ड्याच्या काठावर थंडीने कुडकुडत उभा असताना तो पहिल्यांदा पडला.

तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो. माझी बहीण आणि तिचा मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतात. गोव्यातली किती माणसे पोर्तुगीज पासपोर्टाच्या वाटेने तिथे गेली, हे गोव्यातल्या वाचकांना सांगायची गरज नाही. स्विंडनच्या काही गल्ल्यांत कोकणी ऐकू येते, आणि सुके बांगडे मिळाले नाहीत तर गोव्याहून येणाऱ्याच्या बॅगेत ते नक्की असतात. बहीण चार वर्षे मागे लागली होती, 'एकदा तरी ये'. शेवटी अर्जित रजा टाकली. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर परवानगी लागते. ती फाईल ज्या गतीने फिरली, त्या मानाने व्हिसा फारच लवकर आला. मी स्वतः फायलीच पुढे सरकवणारा माणूस, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

स्विंडन हे रेल्वेचे गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना १८४३ मध्ये इथे सुरू झाला. त्या जागेत आता रेल्वेचे संग्रहालय आहे. भाच्याने विचारले, "मामा, लंडन बघूया की कॉर्नवॉल?" लंडन चित्रात पुष्कळ पाहिले आहे. मी म्हटले, कॉर्नवॉल. त्याला वाटले मामाला समुद्र हवा. खरे कारण वेगळेच होते. काही वर्षांपूर्वी एका मासिकात मी एक छायाचित्र पाहिले होते. एका मोठ्या खड्ड्याच्या तळाशी साबणाचे बुडबुडे बसावेत तसे पारदर्शक घुमट आणि आत दाट हिरवी झाडे. खाली लिहिले होते, पूर्वीची चिनी मातीची खाण. 'पूर्वीची खाण' हे शब्द डिचोली तालुक्यातल्या माणसाला सहज वाचून पुढे जाता येत नाहीत.

माझे आजोळ डिचोली तालुक्यात. मामांची भाताची शेते डोंगराच्या पायथ्याशी होती आणि वरच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण. पावसाळ्यात डंपवरची लाल माती ओहोळातून खाली यायची. पहिली काही वर्षे मामा फावड्याने ती बांधाबाहेर काढत. नंतर काढायला बांधच दिसेना. कंपनी वर्षाला थोडी नुकसानभरपाई द्यायची, आणि मामांचा थोरला मुलगा त्याच खाणीवर ट्रक चालवायचा. म्हणजे एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने मिळाले, असे म्हणायला हरकत नाही, हिशेब जुळत नव्हता एवढेच. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद. ट्रक अंगणात गंजला. खड्ड्यात पाणी भरले. हिरवेनिळे, सुंदर दिसते. पोरे तिथे जाऊन फोटो काढतात.

तर हे डोक्यात घेऊन मी स्विंडनच्या फलाटावर उभा होतो.

ब्रिस्टलला गाडी बदलली. डॉलिशजवळ रूळ अगदी समुद्राला चिकटून जातात, लाटेचे तुषार खिडकीवर येतात. प्लायमाउथ सोडले की सॉल्टॅशचा पूल. इझाम्बार्ड ब्रुनेल या इंजिनियरने बांधलेला हा पूल १८५९ मध्ये सुरू झाला, म्हणजे मुंबई-ठाणे गाडीनंतर सहाच वर्षांनी. खाली टेमार नदी. नदी ओलांडली की कॉर्नवॉल.

हा मुलूख इंग्लंडात असून इंग्लंडचा नाही, असे तिथली माणसे मानतात. त्यांची स्वतंत्र भाषा होती, वेल्श आणि ब्रेटन यांची बहीण. १५४९ मध्ये चर्चमधली प्रार्थना इंग्रजीत सक्तीची झाली तेव्हा इथल्या लोकांनी बंड केले आणि ते चिरडले गेले. भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलण्यातून जवळजवळ गेली. विसाव्या शतकात काही हट्टी लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि आज स्टेशनांच्या पाट्यांवर ती इंग्रजीच्या शेजारी दिसते. १६८४ चा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा कोकणीबंदीचा हुकूम शाळेपासून ऐकत आलेल्या माणसाला अशी पाटी पाहून उगीचच आपले कुणी भेटल्यासारखे वाटते. असो. भाषेचा विषय निघाला की मी भरकटतो, घरचे सांगतातच.

सेंट ऑस्टेल जवळ आले तसे भाच्याने बोट दाखवले. दूर पांढरे डोंगर. बर्फ असेल असे वाटले. बर्फ नव्हता, ते डंप होते!

आता त्या मातीची गोष्ट. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज गलबते चिनी भांडी भरभरून युरोपला नेत होती आणि ती वाट गोव्यावरून जात होती. जुन्या गोव्यात माती उकरली की आजही निळ्यापांढऱ्या खापऱ्या सापडतात. चांदरच्या ब्रागांझा वाड्यात अशी चिनी भांडी कपाटात मांडून ठेवलेली मी पाहिली आहेत. या भांड्यांच्या एका जातीला डच लोक 'क्राक' म्हणत. पोर्तुगीजांच्या कॅरॅक जातीच्या जहाजांवरून हे नाव पडले असे मानतात. युरोपला ही भांडी हवी होती, पण बनवता येत नव्हती. काच मिसळून पाहिली, हाडे जाळून पाहिली, पण तो पांढरेपणा आणि ती खणखण येईना. जर्मनीतल्या माइसेनला १७१० च्या सुमारास गुपित उलगडले, पण त्यांनी ते किल्ल्यात कोंडून ठेवले.

इकडे चीनमध्ये द आंत्रकोल नावाचा एक फ्रेंच जेझुइट पाद्री होता. जिंगदेजेन हे चिनी भांड्यांचे मुख्य गाव. तिथल्या कुंभारांकडून त्याने सगळे बारकावे समजून घेतले आणि १७१२ व १७२२ मध्ये पत्रे लिहून कळवले. आजच्या भाषेत बोलायचे तर ही औद्योगिक हेरगिरीच. दोन वस्तू लागतात, त्याने लिहिले, एक दगड आणि एक माती. ती माती गावाजवळच्या काओलिंग नावाच्या डोंगरातून येई. काओलिंग म्हणजे उंच टेकडी. जगभरच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'काओलिन' म्हणून जो शब्द आहे तो या टेकडीचा. आपल्याकडचा 'चिनी माती' हा शब्दही त्याच वाटेवरचा.

ही माहिती छापून आली आणि प्लायमाउथच्या एका औषधवाल्याच्या हाती लागली. त्याचे नाव विल्यम कुकवर्दी. क्वेकर पंथाचा, साधा, बाप लहानपणी वारलेला, दुकान चालवून पोट भरणारा. तो कॉर्नवॉलमध्ये धंद्यासाठी हिंडायचा आणि हिंडताना दगडमाती पाहायचा. १७४५-४६ च्या सुमारास ट्रेगॉनिंग टेकडीवर त्याला ती पांढरी माती सापडली. कथिलाच्या खाणीवाले ती भट्ट्या लिंपायला वापरत होते. म्हणजे माती लोकांच्या हाताखालीच होती, तिची किंमत तेवढी ठाऊक नव्हती. यानंतर भांडे नीट भाजायला कुकवर्दीला वीसएक वर्षे लागली. १७६८ मध्ये त्याने पेटंट घेतले तेव्हा तो त्रेसष्टीला आला होता. कारखाना फार दिवस चालला नाही. पुढे स्टॅफर्डशायरच्या बड्या कुंभारांनी, त्यात वेजवुडही आला, पेटंटाविरुद्ध भांडून माती सर्वांना खुली करून घेतली. १७७५ मध्ये वेजवुड स्वतः माती शोधायला कॉर्नवॉलला आला होता. कुकवर्दी १७८० मध्ये वारला. माती शोधणारा एक आणि कमावणारा दुसरा, हे खाणधंद्यात तरी नवीन नाही.

माती मुळात ग्रॅनाइट. ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार नावाचे खनिज, पृथ्वीच्या पोटातल्या गरम पाण्याने लाखो वर्षांत कुजून मऊ पीठ झाले. पूर्वीच्या पद्धतीत ती खाणीत खणत नसत, धूत असत. डोंगराच्या कड्यावर जोरात पाण्याची धार सोडायचे, दुधासारखे पाणी खाली यायचे, त्यातली जाड वाळू आधी बसायची, मग अभ्रक, आणि शेवटी उरायची ती माती मोठ्या हौदात निवळायचे, भट्टीच्या तापलेल्या फरशीवर वाळवायचे. पूर्वी बायका तिचे चौकोनी गठ्ठे करून त्यावरची वाळू खरवडत. सेंट ऑस्टेलजवळ व्हील मार्टिन नावाचे जुन्या कारखान्याचे संग्रहालय आहे, तिथे हौद, भट्टी आणि पाणचक्की जशाच्या तशा आहेत. 'व्हील' हा शब्द चाकाचा नव्हे बरे का, कॉर्निश भाषेत व्हील म्हणजे कामाची जागा, खाण. मेलेली म्हणून सोडून दिलेली भाषा खाणींच्या नावात मात्र टिकून राहिली!

एक टन माती काढायला सुमारे नऊ टन टाकाऊ निघते. हा आकडा वाचून मी दोनदा पाहिला. आमच्याकडे एक टन खनिजामागे दोन ते तीन टन माती हलवावी लागते आणि तेवढ्यात आमचे डोंगर गेले. ते पांढरे डंप इतके उंच झाले की लोक त्यांना 'कॉर्निश आल्प्स' म्हणू लागले. मातीचा मोठा भाग पुढे भांड्यांत न जाता कागदात गेला. गुळगुळीत, चकचकीत मासिकाचे पान असते ना, त्यावर चिनी मातीचा थर असतो. म्हणजे ज्या मासिकात मी ते छायाचित्र पाहिले, ते पानही अशाच एखाद्या खड्ड्यातून आलेले असणार.

कामगारांचे काय? १९१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी संप केला. मागणी होती आठवड्याला २५ शिलिंग मजुरी आणि संघटनेला मान्यता. मालकांनी ऐकले नाही. ग्लॅमॉर्गनहून, म्हणजे वेल्समधून, पोलीस आणले गेले, डोकी फुटली, आणि काही महिन्यांत माणसे उपाशीपोटी कामावर परतली. मजुरी मात्र पुढे वाढवून द्यावी लागली. याच कॉर्नवॉलची माणसे कथिल-तांब्याच्या खाणी बसल्यावर जगभर पांगली. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही ती होती. जमिनीत जिथे भोक असेल तिथे तळाशी एक कॉर्निश माणूस सापडतो, असे ते स्वतःच सांगतात. आमची माणसे आखातात आणि बोटीवर सापडतात, तसे.

बोडेल्वा हा त्यातलाच एक खड्डा. दीडशेहून जास्त वर्षे चाललेला, साठ मीटरच्या आसपास खोल. १९९० च्या दशकात माती संपत आलेली. त्याच सुमारास जवळच हेलिगन नावाची एक हरवलेली बाग टिम स्मिट नावाच्या माणसाने साफ करून उभी केली होती. हा हॉलंडमध्ये जन्मलेला, शिक्षणाने पुरातत्त्वाचा आणि धंद्याने रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणारा. हेलिगनचे माळी पहिल्या महायुद्धावर गेले, त्यांतले बरेच परत आले नाहीत आणि बाग रानाने गिळली. माळ्यांनी १९१४ च्या ऑगस्टमध्ये शौचालयाच्या भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या सह्या तेवढ्या सापडल्या. या यशानंतर स्मिटच्या डोक्यात आले, की जगातल्या माणसाला जगवणाऱ्या सगळ्या वनस्पती एका जागी दाखवाव्यात, आणि जागा निवडावी ती सगळ्यात नापीक. त्याने खड्डा निवडला.

वास्तुकार निकोलस ग्रिमशॉ यांच्यापुढे एक विचित्र अडचण होती. आराखडा काढत होते तेव्हा खाणीत काम चालूच होते, आणि जमिनीचा आकार दर आठवड्याला बदलत होता. ज्या जमिनीचा आकार ठाऊक नाही तिच्यावर बांधणार काय? तेव्हा साबणाचे बुडबुडे सुचले. बुडबुडा कसल्याही उंचसखल जागेवर बसतो. पोलादाचे षट्कोन, आणि त्यांत काचेऐवजी हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या उशा. या प्लॅस्टिकला ईटीएफई म्हणतात आणि तेवढ्याच काचेच्या एक टक्क्याहूनही कमी वजन त्याचे. काच घातली असती तर एवढे हलके सांगाडे पेलले नसते. बांधताना लावलेली परांची जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली.

१९९८ मध्ये काम सुरू झाले आणि पाऊस सुरू झाला. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली. पहिल्या काही महिन्यांत इतके पाणी साठले की काम थांबले, यंत्रे चिखलात. मग आधी पाण्याचीच व्यवस्था करावी लागली. जमिनीखाली निचऱ्याचे जाळे घातले, सगळे पाणी एका जागी गोळा केले. आज तेच पाणी झाडांना आणि शौचालयांना जाते. वाचताना मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. आमच्या शिरगावात खाणीचे पंप दिवसरात्र पाणी उपसत होते आणि गावातल्या विहिरी कोरड्या पडत होत्या, ते प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. पाणी दोन्हीकडे तेच. इकडे त्याच्यासाठी आधी आराखडा झाला, आमच्याकडे पंप आधी आला.

दुसरी अडचण माती. चिनी माती ही नावाचीच माती, तीत गवताची काडीही रुजत नाही. मग त्यांनी माती बनवली. खाणीतली टाकाऊ वाळू, कमी प्रतीची चिनी माती, झाडांच्या सालींचे आणि पाल्याचे कंपोस्ट, रेडिंग विद्यापीठाच्या लोकांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवून मिसळले. ऐंशी हजार टनांहून जास्त माती! प्रत्येक विभागाला वेगळी. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला घुमटापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. माती 'होते', ती करता येते असे मला तोवर वाटले नव्हते. १७ मार्च २००१ ला प्रकल्प लोकांना खुला झाला. नाव ईडन, बायबलमधल्या बागेवरून.

स्टेशनवरून बस पकडून आम्ही पोचलो. तिकिटाच्या पौंडांचे रुपये करू नयेत, प्रवासाचा हा पहिला नियम, आणि तो मी लगेच मोडला. बाहेर पाच अंश, वारा, भुरभुर पाऊस. काठावरून खाली पाहिले तर खड्डा खरोखरच खड्डा आहे. फोटोत तो कळत नाही. उतारावर बागा केल्या आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या, पण कडे कुठे कुठे उघडे ठेवले आहेत, पांढरट, पावसाने ओरखडलेले. जखम बुजवलेली आहे, लपवलेली नाही.

पर्जन्यवनाच्या घुमटात पाय टाकला आणि चष्मा धुक्याने भरला. तो पुसून पाहतो तर समोर केळ! पंचावन्न मीटर उंच, दोनशे मीटर लांब छपराखाली, हीटर लावून, पाटी लावून उभी केलेली केळ. भोवती लोक आदराने उभे. एक आजीबाई केळफुलाचा फोटो काढत होत्या. आमच्या परसात सांडपाण्यावर वाढते ती हीच. भाचा म्हणाला, "मामा, तिकीट काढून केळ बघायला आलो आपण." आम्ही दोघे इतके हसलो की लोक वळून पाहू लागले. पुढे कोको, कॉफी, रबर, बांबू, एक धबधबा, मलेशियातले एक घर आणि त्यापुढे भाजीचा मळा. वर पाहिले की षट्कोनी चौकट आणि तिच्याखाली लोंबणाऱ्या वेली. मला चवथीची माटोळी आठवली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, पाने, कंद बांधतो ना, तीच. आमची एवढ्या लहान चौकटीत रान बांधते, यांची खड्ड्याएवढी. मामांच्या माटोळीला लागणारी काही फळे हल्ली डोंगरावर मिळत नाहीत, म्हापशाच्या बाजारातून विकत आणतो.

अगदी वर, छताखाली, एक टांगलेला मचाण आहे. तिथे उकाडा असा की मे महिन्यातली पणजी बरी. तिथून खाली सगळे झाड एकमेकांत मिसळलेले दिसते, मातीचा मागमूस नाही.

शेजारी शिक्षणाची एक इमारत आहे, २००५ ची. तीत एका दालनात पीटर रँडल-पेज या शिल्पकाराचे 'बी' नावाचे शिल्प आहे. सुमारे सत्तर टनांचा एकसंध कॉर्निश ग्रॅनाइट, बियांच्या फुगवट्यांनी भरलेला. लोक त्यावर हात फिरवत होते, मीही फिरवला. ज्या दगडाच्या कुजण्यातून सगळा हा उद्योग निघाला तो दगड थंड आणि खरबरीत लागला.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी भारावून आलो. आलो, पण दुसऱ्या दिवशी थोडा उतरलो. व्हील मार्टिनच्या मागे टेकडीवर एक सज्जा आहे, तिथून आजची खाण दिसते. अवाढव्य पांढरा खड्डा, तळाशी निळे पाणी, खेळण्याएवढे ट्रक. तिथे उभे राहिले की बोडेल्वाचा खड्डा किती लहान ते कळते. असे कितीतरी खड्डे या भागात आहेत आणि त्यांतल्या एकावर घुमट आहेत. ईडन उघडले त्यानंतर पाचच वर्षांनी, २००६ मध्ये, ब्राझीलची माती स्वस्त पडते म्हणून इथल्या खाणधंद्यातून ८०० नोकऱ्या जायच्या असे जाहीर झाले. सेंट ऑस्टेलच्या बाजारात फिरताना बंद दुकाने दिसतात. ईडनलाही पाऊस सोडत नाही, २०२० च्या डिसेंबरात दरडी कोसळून ते काही काळ बंद ठेवावे लागले, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिथेही नोकरकपात झाली. खड्डा सुंदर झाला म्हणजे पोटाचा प्रश्न सुटला असे नाही.

आणि पैसा? तो मुख्यतः राष्ट्रीय लॉटरीतून आला, मिलेनियम कमिशनमार्फत, बाकी युरोपीय निधी आणि कर्जे. खाणमालकाने फार काही दिले असे नाही. इथे मला आमचे थोडे बरे वाटले. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतले दहा टक्के एका कायम निधीत बाजूला ठेवायला सांगितले, ते पुढच्या पिढीसाठी. निधी कागदावर आहे. कागदाचे काय होते हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? २०२२ च्या डिसेंबरपासून नव्याने लिलाव झाले आहेत आणि काही खाणी पुन्हा चालू झाल्या आहेत. जुन्या खड्ड्यांचा विषय मागच्या पानावर गेला.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. गावाबाहेर एक टोकदार पांढरा डंप आहे, त्याला 'स्काय टिप' म्हणतात. त्या भागात नवी वसाहत बांधायचे ठरले तेव्हा तो सपाट होणार अशी चर्चा निघाली आणि लोकांनीच विरोध केला. आमच्या आजोबांनी रचलेला डोंगर आहे, राहू द्या, असे त्यांचे म्हणणे, आणि तो राहिला. बोटीवरून परत येताना खलाशांना म्हणे तोच आधी दिसतो, असे संग्रहालयातल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने सांगितले. तरुणपणी ते खाणीतच होते. मी त्यांना सांगितले की मीही खाणीच्या गावचा. "कसली खाण?" लोखंडाची. "लाल डंप?" हो, लाल. ते म्हणाले, "आम्ही सुट्टीच्या दिवशी बाहेर निघालो तरी बूट पांढरेच असायचे." मी म्हटले, आमच्या शाळेचे पांढरे शर्ट आठवड्यात गुलाबी व्हायचे. दोघे काही वेळ गप्प उभे राहिलो. मग त्यांनी मला भट्टीच्या फरशीवरचा मातीचा एक तुकडा कागदात बांधून दिला.

परत आल्यावर चवथीला आजोळी गेलो. आमच्याकडची मूर्ती चिकणमातीची, ओळखीच्या कुंभाराने दिलेली. मामांना तो पांढरा तुकडा दाखवला. त्यांनी तो बोटांत चुरला, वास घेतला, जिभेला लावून पाहिला. मी त्यांना घुमट सांगितले, पाऊस सांगितला, ऐंशी हजार टन माती मिसळून केली ते सांगितले. मातीचे त्यांनी पुन्हा विचारले. वाळू किती, शेण किती, पाला किती. शेण नव्हे, सालीचे कंपोस्ट, असे मी म्हटले. ते त्यांना फारसे पटले नाही.

"भात पिकता रे थंय?" त्यांनी विचारले.

भात काही मी पाहिला नाही, असे सांगितले. मामा थोडा वेळ खालच्या शेताकडे पाहत राहिले. तिथे आता लाल गाळावर गवत आले आहे आणि गुरे चरतात. मग "जेवपाक येयात" म्हणून मामीने हाक मारली, आणि ते हात धुवायला उठले.